हयात तलवारकाराच्या हातची तांतो (जपानी कट्यार) घ्यावी की जुनी वाकिझाशी (आखूड तलवार)? सल्ला हवा आहे

मृणाल_नागोया

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. गेली सहा वर्षं नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करते. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आमच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर पणजोबांची तलवार टांगलेली आहे. दर खंडेनवमीला बाबा ती खाली काढतात, खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसतात, झेंडू वाहतात आणि मग आम्हा भावंडांना एकेकदा मूठ धरायला देतात. पात्याला खड्डे पडलेत, रंग काळपट झालाय. लहानपणी मी दरवर्षी विचारायचे, "ही केली कुणी?" बाबा म्हणायचे, "लढणाऱ्याचं नाव राहतं गं, घडवणाऱ्याचं कोण लिहून ठेवतं?"

यंदा २ जानेवारीला सेकी या तलवारींच्या गावी गेले होते. नव्या वर्षाची पहिली ठोक म्हणून तिथले तलवारकार पांढऱ्या कपड्यांत भट्टीपुढे बसतात. ओल्या ऐरणीवर लालभडक पोलाद ठेवून घण घातला तेव्हा बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि पुढच्या रांगेतली मुलं आयांना बिलगली. नंतर आत एक नवी तांतो मुठीशिवाय ठेवलेली पाहिली. मुठीत जो भाग दडतो त्यावर छिन्नीने कोरलेलं करणाऱ्याचं नाव, गाव, आणि मागच्या बाजूला साल-महिना. तो माणूस त्या वेळी बाहेर अंगणात उभा राहून चहा पीत होता. मला बाबांचं वाक्य आठवलं आणि मी काचेपाशी बराच वेळ थांबले.

तेव्हापासून ६ लाख येन बाजूला टाकलेत. आता दोन गोष्टी समोर आहेत. नागोयातल्या एका दुकानात एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) वाकिझाशी आहे, पातं ४६ सेंटिमीटर, नाव कोरलेलं नाही, पण 'होझोन', म्हणजे 'जतन करण्याजोगं', अशा दर्जाचं प्रमाणपत्र आहे. २ लाख ८० हजार सांगतात. दुसरीकडे सेकीपासून तासाभरावर राहणारे एक तरुण तलवारकार आहेत. ऑर्डर दिली तर ८ सुन (हे जपानी माप) लांबीची, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटरची तांतो, साध्या लाकडी म्यानासह ५ लाख २० हजार, आणि वर्षभर थांबायचं. दुकानदार म्हणतात, नवं पातं घेतलं की दुसऱ्या दिवशी त्याची किंमत निम्मी होते.

मला विकायचं नाही, पण पैसे कष्टाचे आहेत. नवं पातं चांगलं की वाईट हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? इथल्या पावसाळ्यात सांभाळायचं कसं? आणि बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांच्या हातात एकदा द्यायची आहे, तर सांगलीला नेता येईल का?

---

तोक्योचा_टिटवाळाकर

मृणाल, मी तोक्योत १४ वर्षं आहे. दोन वाकिझाशी आणि एक भाल्याचं पातं जमवलंय, तिन्ही जुनी. माझं मत जुन्याच्याच बाजूने. एदो काळातलं पातं तुझ्या पैशांच्या निम्म्यात येतंय. होझोन प्रमाणपत्र देणारी निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई १९४८ पासूनची संस्था आहे, तिचा शब्द बाजारात चालतो. उद्या नोकरी बदलली, परत जावं लागलं, तर असं पातं कुठल्याही दुकानात दाखवून पैसे करता येतात. हयात माणसाच्या कामाला ही संस्था प्रमाणपत्र देत नाही. मग विकताना घेणाऱ्यापुढे काय ठेवणार?

इथे तोक्योत ऱ्योगोकुला त्यांचं संग्रहालय आहे, २०१८ पासून नव्या इमारतीत. एकदा ये, दिवसभर बघ, मग ठरव. आणि काहीही घेतलंस तरी नोंदणीपत्र आधी बघ. ते नसेल तर पात्याला हातही लावू नकोस.

---

ओकायामाकर

मृणाल, अहो-जाहो करत नाही, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. मी पुण्याचा, सिंहगड रस्त्यावरचा. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यानही म्हणतात, ते इथल्या कोराकुएन बागेवरून केलंय. त्याच ओकायामात मी २६ वर्षं राहतोय, आणि इथून आको लाइनच्या लोकलने गेलं की ओसाफुने. बिझेन परंपरेच्या तलवारींचं हे गाव. सोळाव्या शतकाच्या शेवटी योशिई नदीच्या पुराने इथल्या भट्ट्या वाहून नेल्या, त्याआधी शेकडो वर्षं इथे घण थांबला नव्हता. विसाव्या शतकात इमाइझुमि तोशिमित्सु यांनी इथे येऊन काम सुरू केलं आणि आज पुन्हा भट्ट्या पेटतात.

माझ्याकडे चार पाती आहेत. एक जुनं, तीन हयात माणसांनी केलेली. तू नवीच घे, असं मी ठामपणे सांगतो. कारण सांगतो.

टिटवाळाकरांचा पैशांचा मुद्दा खरा आहे. नवं पातं विकायला गेलीस तर पैसे कमीच येतील. यात भट्टीवाल्याचे, शिकलगाराचे, म्यान करणाऱ्याचे, गळपट्टीचं तांबं घडवणाऱ्याचे, सगळ्यांचे आजचे कष्ट आजच्या दराने मोजलेले असतात, आणि दुकानदार तेवढे परत देत नाही. ते मनाशी मान्य करूनच पुढे जा.

पण त्या वाकिझाशीबद्दल एक गोष्ट कळू दे. शिकलगाराने पातं घासलं की थोडं पोलाद जातंच. दर पिढीत घासलं गेलेलं पातं अंगाने उतरतं, वरचे पदर झिजतात आणि आतलं मऊ पोलाद डोकावायला लागतं. इथे अशा पात्याला 'थकलेलं' म्हणतात. चांगली जुनी पातीही खूप आहेत, पण ती २ लाख ८० हजारांना मिळत नाहीत. माझं पहिलं पातं २००५ साली घेतलेलं, असंच बिननावाचं, प्रमाणपत्रवालं. दोन वर्षं रोज रात्री मी त्यात काहीतरी शोधत होतो. सगळे म्हणायचे हे बघ, ते बघ, आणि मला करड्या पट्टीपलीकडे काही दिसायचं नाही. दोष माझ्या डोळ्यांचाच आहे असं मी धरून चाललो होतो.

मग एकदा ओसाफुनेच्या तलवार संग्रहालयात महिन्यातल्या घडाईच्या प्रात्यक्षिकाच्या रविवारी गेलो. त्या आवारात शिकलगार, म्यानवाले, कोरीव काम करणारे, सगळ्यांची कामाची जागा आहे. एका तलवारकारांनी त्यांची नुकतीच घासून आलेली तांतो माझ्या हातात दिली आणि खोलीतले दिवे मालवले. फक्त एक पिवळा बल्ब ठेवला.

तुला हे घरी करून बघता येईल, म्हणून नीट लिहितो. पातं डोळ्यांच्या पातळीला आण, टोक बल्बच्या जरा खाली. सावकाश कलंडव. एका कोनात धारेलगत पांढरी पट्टी उजळते. फोटोत तीच दिसते आणि नवखा तिलाच भुलतो. ती शिकलगाराने बोटाखाली दगडाची चकती फिरवून उठवलेली असते. तिथे थांबू नकोस. आणखी केसभर कलव. आता त्या पांढऱ्याच्या आत दुसरीच रेघ पेटते. कुठे पहाटेचं धुकं ताणून बसवल्यासारखी, कुठे ताटात बारीक रवा सांडल्यासारखी. धुक्याला निओइ म्हणतात, रव्याला निए. आपण तलवारीचं 'पाणी' म्हणतो ना, ते हे. इथे त्याला हामोन म्हणतात. त्या दिवशी मला कळलं की माझ्या डोळ्यांत दोष नव्हता, माझ्या जुन्या पात्यातलं पाणीच विरून गेलं होतं.

ती तांतो मी घेतली. २००९ साल. टोकापासून चार बोटांवर, धुक्याबाहेर निएचे पाच कण एकटे पडलेत. आजही पाहताना मी आधी तिथेच जातो. करणाऱ्याला विचारलं होतं की हे मुद्दाम केलं का. ते म्हणाले, मी माती लावतो, बाकीचं पाण्यात बुडवल्यावर कळतं.

आता ओळखायचं कसं. धारेला आडवी चीर नाही ना, हे सगळ्यात आधी. तिला हागिरे म्हणतात. ती केसाएवढी असली तरी पातं बाद. रेघ मुठीपासून टोकापर्यंत सलग जायला हवी आणि टोकाशी वळून पाठीकडे यायला हवी. धारेवरून मधेच पुसट होत असेल तर का, ते विचार. पदरांमध्ये कुठे फोड फुगलाय का ते बघ. मग मूठ काढायला सांग. मुठीतला भाग, नाकागो, हीच माणसाची खरी सही. नव्या पात्याचा नाकागो पांढरा स्वच्छ असतो, त्यावर कानशीचे तिरपे वार एकसारख्या अंतरावर दिसतात. ज्याने तिथे, जिथे कुणी बघणार नाही, कानस मन लावून फिरवली आहे, त्याचं बाकीचं कामही तसंच असतं. हा माझा अनुभव आहे. आणि तो भाग पुढे आपोआप गंजून तपकिरी होईल, त्याला कधीही तेल-पॉलिश करू नकोस. दोन-तीनशे वर्षांनी कुणी तरी त्याच गंजावरून पातं ओळखणार आहे.

कायद्याचं सोपं आहे. इथे परवाना माणसाचा नसतो, नोंदणी पात्याची असते. प्रांताच्या शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र पात्याबरोबर फिरतं. त्यावरची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्यांची भोकं आणि कोरलेली अक्षरं पात्याशी ताडून बघ. मालकी बदलली की २० दिवसांत त्या मंडळाला कळवायचं. परदेशी माणसालाही हेच. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या स्टेनलेसच्या 'कताना'च्या वाटेला जाऊ नकोस. पारंपरिक पद्धतीने न घडवलेल्या पात्याची नोंदणी होत नाही, आणि १५ सेंटिमीटरच्या वरचं बिननोंदणीचं पातं इथे घरात ठेवणं गुन्हा आहे.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर, प्रमाणपत्र हे गेलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने दिलेलं उत्तर असतं. तुझा माणूस तासाभराच्या अंतरावर राहतो. त्यालाच जाऊन विचार.

---

भट्टीवाला_शिरोली

ओकायामाकरांनी पाण्याचं फार छान लिहिलंय. मी कोल्हापूरजवळ शिरोलीला ३१ वर्षं फाउंड्रीत काढली. १९९४ साली प्रशिक्षणासाठी शिमाने प्रांतात तीन महिने होतो, तेव्हा यासुगीच्या वाको संग्रहालयात पोलादाच्या जुन्या भट्टीपुढे रविवार घालवायचो. त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

ही रेघ उमटते ती पोलादात काहीतरी 'कमी' असल्यामुळे. आपण कारखान्यात पाणी, म्हणजे कडकपणा, खोलवर बसावं म्हणून मँगनीज घालतो. तामाहागाने या तलवारींच्या पोलादात ते जवळपास नसतंच, म्हणून पाणी उथळ बसतं. पाठीवर मातीचा जाड थर, धारेवर पातळ. तापवून पाण्यात घातलं की धार क्षणात गार होऊन मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं अतिशय कडक रूप, होते, पाठ सावकाश गार होऊन मऊ राहते. दोन्हींच्या सीमेवर जे कण दिसतात ते निए आणि निओइ. मार्टेन्साइट जागा जास्त घेतं, त्यामुळे धारेची बाजू ताणते आणि पातं पाठीकडे वाकतं. तलवारीचा बाक असा आपोआप येतो. साध्या मँगनीजवाल्या पोलादात हे नाजूक काम दिसणं कठीण, म्हणून नकली पात्यांवर ॲसिडने रेघ काढतात. ती कलवून बघितली तरी एकसारखीच दिसते, आत काही पेटत नाही.

आणि हे पोलाद येतं कुठून, तर शिमानेतल्याच ओकुइझुमोहून. युद्धानंतर तलवारी करायला बंदी होती, १९५३ पासून परवानगीने पुन्हा सुरू झालं. जुनं पोलाद संपत आलं तेव्हा १९७७ साली तिथली तातारा, म्हणजे पोलादाची पारंपरिक भट्टी, परत पेटवली. ती फक्त ऐन थंडीत चालते. तीन दिवस, तीन रात्री, सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन लोणारी कोळसा घालत राहायचं, शेवटी मातीची भट्टी फोडायची आणि आतून अडीच टनांचा गोळा ओढून काढायचा. त्यातलाही उत्तम भाग थोडाच. घड्या घालून ठोकताना त्यातलंही बरंच जळून जातं. १३ घड्या म्हणजे ८ हजारांवर पदर, हिशोब करून बघा.

पोरी, ५ लाख २० हजार ही किंमत मला एका पात्याची वाटत नाही. त्या कोळशापासून मोज.

---

अनघा_दापोली

मृणालताई, सांगलीला नेण्याचा विचार मनातून काढून टाका. आमच्या घरात झालंय म्हणून कळकळीने सांगते.

माझा भाऊ २०१७ साली जपानहून येताना एक तांतो घेऊन आला. आप्पांच्या पंचाहत्तरीसाठी. जपानच्या बाजूचं सगळं चोख होतं. तिथल्या संस्कृती खात्याची निर्यात परवानगी काढली होती, त्यासाठी नोंदणीपत्र परत केलं होतं. पण आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे, बाहेरून हत्यार आणायला त्याखाली परवाना लागतो, आणि नऊ इंचांपेक्षा लांब पातं थेट त्या यादीत बसतं. भावाला वाटलं, कलेची वस्तू आहे, कागद आहेत, सांगितलं तर समजून घेतील. विमानतळावर पेटी उघडली, पातं जप्त झालं. एका अधिकाऱ्याने आमच्यासमोर अंगठा फिरवून धार बघितली. भाऊ म्हणतो, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पुढे दोन वर्षं अर्ज, खेटे, वकील. परत मिळालं नाही. आप्पांनी ती तांतो कधीच पाहिली नाही.

वडिलांना दाखवायची असेल तर वडिलांना तिकडे न्या. तिकिटाचे पैसे जातील, पण पातं राहील.

---

मृणाल_नागोया

अनघाताई, वाचून वाईट वाटलं. बाबांना इकडे आणायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांचा पासपोर्टही नाहीये.

काका, कालच्या रविवारी तोकुगावा संग्रहालयात जाऊन तुम्ही सांगितलंत तसं उभी राहून, गुडघ्यात वाकून, डावीकडून-उजवीकडून पाहिलं. एका पात्यात रवा दिसला! रखवालदाराने दोनदा माझ्याकडे बघितलं. मग बसने परत येताना त्या तरुण तलवारकारांना फोन केला आणि पुढच्या शनिवारी येते म्हणाले.

दोन गोष्टी राहिल्या. सांभाळायचं कसं? आणि ते म्हणतात, हवं तर ज्याच्यासाठी करतोय त्याचं नाव नाकागोवर कोरता येतं. बाबांचं नाव घालू का? की मग पातं कायमचं बिघडलं म्हणायचं?

---

ओकायामाकर

आधी सांभाळण्याचं, आणि त्यात मी केलेली चूक. आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

२०११ साली आई पुण्याहून दोन महिने राहायला आली होती. खंडेनवमीला म्हणाली, घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, हे कसं चालेल? मलाही भरून आलं. पाटावर पांढरा रुमाल घातला, त्यावर ती २००९ ची तांतो म्यानाबाहेर काढून ठेवली. आईने ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, आणि एक फूल धुऊन तसंच पात्यावर वाहिलं. आम्ही नमस्कार केला. आई दमली होती, मी तिला जेवायला घेऊन गेलो, आणि पातं पाटावर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलं तर फुलाच्या देठाखाली हरभऱ्याएवढा राखाडी डाग आणि कुंकवाखाली तांबूस ठिपका. पुसून गेला नाही. चार दिवसांत ठिपक्याला धार आली, म्हणजे तो आत उतरायला लागला.

आईला सांगितलं नाही. शिकलगाराकडे घेऊन गेलो, पूजेचं सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं की रागावतील. त्यांनी पातं दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली आणि म्हणाले, तुमच्याकडेही पात्याला नमस्कार करतात तर. दीड महिना आणि ९० हजार येन लागले. डाग गेला, पण त्या जागी पातं किंचित उतरलं, आणि मला ते दिसतं. बोट फिरवून नव्हे, नुसतं उजेडात.

तेव्हापासून खंडेनवमीला तांतो म्यानातच असते. पुढे ताम्हन ठेवतो, हळदकुंकू आणि फूल त्या ताम्हनात. म्यानालाही लावत नाही, होओ लाकूड रंग पितं.

बाकी काळजी फार नाही, पण चुकवायची नाही. पात्याला उघडं बोट कधीही लागू द्यायचं नाही, घामाचा ठसा महिन्यात गंजतो. म्यानातून काढताना धार वर, पाठ म्यानाच्या लाकडावरून सरकत यायला हवी. उघड्या पात्यावर तोंड करून बोलायचं नाही. नव्याने घासलेलं पोलाद कोवळं असतं, पहिले सहा महिने दर पंधरवड्याला जुनं तेल मऊ कागदाने टिपून नवा हात द्यायचा, पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा. ती पांढऱ्या पुडीने ठोकत बसायची पद्धत सिनेमात छान दिसते, नव्या पात्याला ती नको, बारीक ओरखडे येतात. तेल म्हणजे चोजी तेल. चोजी म्हणजे लवंग, वासही तोच, पण ते खनिज तेल असतं आणि त्यात लवंगेचा अंश. औषधाच्या दुकानातलं दातदुखीचं लवंग तेल लावू नकोस, खोबरेलही नको. जून-जुलैच्या पावसात कपाटात आडवं ठेव, बाहेरच्या भिंतीला लागून नको.

ते साधं लाकडी म्यान, शिरासाया, भाताच्या खळीने चिकटवलेलं असतं. मुद्दामच कच्चं. आत कचरा गेला किंवा गंज लागला तर दोन फाळ्या उकलून साफ करता येतात. म्यान मोडेल, पातं वाचेल, असा हिशोब आहे.

आता नाव. टिटवाळाकर म्हणतील, परक्याचं नाव कोरलेलं पातं विकताना आणखी अडतं. बरोबरच आहे. तरी तू कोर. नाकागोवर एका बाजूला करणाऱ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला साल आणि ज्याच्यासाठी केलं त्याचं नाव, ही इथली जुनीच रीत आहे. तुझे बाबा म्हणतात ना की घडवणाऱ्याचं कुणी लिहून ठेवत नाही? इथे दोघांचं लिहिलेलं राहील.

जाताना एक सांगतो. तलवारकाराला महिन्याला दोन शाकूंच्या (साधारण ६० सेंटिमीटरच्या) आतली तीनच पाती करायची मुभा आहे, लांब असतील तर दोनच. त्यातली काही पाण्यात तडकतात. तू त्याच्या महिन्याचा तिसरा हिस्सा मागते आहेस. घासाघीस करू नकोस. परंपरा सांग, आकार सांग, आणि रेघ त्याच्यावर सोड.

---

तोक्योचा_टिटवाळाकर

अडेल, हे मी अजूनही म्हणतो. पण काकांचं शेवटचं वाचून मी माझी एक वाकिझाशी काढली आणि बल्बखाली धरली. रेघ मधे दोन इंच नाहीच आहे. सहा वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. मृणाल, तुझी झाली की फोटो टाक. त्या पांढऱ्या पट्टीचा नको.

---

मृणाल_नागोया

शनिवारी जाऊन आले. ऑर्डर दिली, निम्मे पैसे दिले.

घर शेतांच्या कडेला आहे, भट्टी पत्र्याच्या शेडमध्ये. खिडक्यांना काळं कापड, पोलादाचा रंग अंधारातच कळतो म्हणाले. त्यांनी लाकडाच्या फळीवर पेन्सिलीने तांतोचा आकार काढला, मी म्हटलं टोक जरा लांब हवं, त्यांनी पुसून परत काढलं. असं तीनदा झालं. घासाघीस केली नाही. काका, कानशीच्या खुणा बघायला मागितल्या तर ते उठून आतून दोन नाकागो घेऊन आले, आणि बाजूला बसून मी बघत असताना माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग नाव. मला वाटलं, कातकाना या जपानी लिपीत लिहावं लागेल. मी कागदावर आधी मराठीत लिहिलं, उच्चार कळावा म्हणून. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, हे बोंजीसारखं आहे. इथे तलवारींवर फुदो म्योओ या बौद्ध देवतेसाठी जी संस्कृत बीजाक्षरं कोरतात ती त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलेली आहेत. लोखंडाची एक पट्टी घेतली, छोटी छिन्नी घेतली, आणि माझ्या कागदाकडे बघत बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. काना आधी कोरला, मग उरलेलं. मी म्हटलं, काना शेवटी. त्यांनी पट्टी उलटी केली आणि मागच्या बाजूला परत कोरलं, काना शेवटी.

सालाबरोबर 'आठवा महिना' कोरणार आहेत. दुसरा किंवा आठवा, एवढेच दोन महिने लिहायची जुनी पद्धत आहे म्हणे. बाबांना रात्री फोन केला. पट्टीचा फोटो पाठवला होता, तो त्यांनी मोठा करून पाहिला होता. म्हणाले, सोमवारी पासपोर्टचा फॉर्म भरायला जातो.